सिमखाबाईंचे पहिले मृत्युपत्र आणि दुसरे मरण

मी, खाली सही करणार, श्रीमती सिमखाबाई हसकेल झिराडकर, वय बहात्तर, सरकारी दवाखान्यातील निवृत्त नर्स, धर्माने यहुदी, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्यप्रदेश, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवते. लिहून घेणार वकील श्रीधरराव. माझे बोलणे जसेच्या तसे लिहावे आणि कायद्याचा मसाला वरून टाकावा, असे मी त्यांना बजावले आहे.

माझे डोके ठिकाणावर आहे, असा दाखला डॉक्टर अरविंद यांनी दिला आहे. त्यांचे डोके ठिकाणावर आहे, असा दाखला मी देते, कारण ते या जगात येताना त्यांचे डोके पहिल्यांदा माझ्याच हाताला लागले होते. माझे हृदय मात्र थकले आहे, असे तेच म्हणतात.

हे माझे पहिलेच मृत्युपत्र. मरण दुसरे असेल. पहिल्या खेपेला मी सन १९८४ मध्ये, पोळ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दिवेलागणीला मेले. तेव्हा घाई होती म्हणून काही लिहून ठेवता आले नाही. ती चूक आता सुधारते.

कलम १. माझे पती हसकेल झिराडकर हे छोट्या लाइनीवर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या नॅरोगेज गाडीच्या मार्गावर, रामाकोन्याला स्टेशन मास्तर होते. त्यांना जाऊन अठरा वर्षे झाली. आम्हाला मूलबाळ नाही. कायद्याने वारस म्हणजे पुतण्या रूबेन, तो इस्राएलात दिमोना गावी असतो. मुलगा वाईट नाही, लांब आहे. दर पत्रात लिहितो की काकी, घर विका आणि इकडे या, इथे वाळवंटातसुद्धा संत्री पिकतात. सौंसरच्या माणसाला तो संत्र्यांचे कौतुक सांगतो.

त्याच्या पत्राचा सुगावा लागून संत्र्यांचे दलाल सुधाकरराव गेल्या महिन्यात मला बघायला आले. तब्येत विचारली आणि जाताना ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत पावले मोजत गेले. संत्र्यांच्या पेट्या ठेवायला त्यांना जागा हवी आहे. मी काही न लिहिता गेले तर घर रूबेनचे होईल, रूबेनकडून सुधाकररावांचे होईल, आणि मागच्या खोलीत राहणारी शकुबाई या वयात रस्त्यावर येईल. तसे होऊ नये यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे माझ्या समाधानासाठी आहेत, पण तीही पाळावीत.

कलम २. शकुबाई माझी कोण, असे कोर्टात विचारतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही बेने इस्राएल, मूळचे कोकणातले. शनिवारी आमचा शब्बाथ असतो, त्या दिवशी आम्ही काम करत नाही आणि चूल पेटवत नाही. सौंसरला आलो तेव्हा गल्लीने आपसांत ठरवून टाकले की हे लोक शनिमहाराजांचे मोठे भक्त आहेत. शनिवारी सकाळी आमच्या उंबऱ्यावर तेलाच्या वाट्या येऊ लागल्या. हसकेल पहिले वर्षभर समजावून सांगत होते. दुसऱ्या वर्षापासून आम्ही ते तेल शुक्रवारच्या दिव्याला वापरू लागलो. तेल चांगले असायचे.

पांढुर्णा ते सौंसर मिळून आमची मंडळी नऊ माणसांची. पूर्ण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आमच्यात पुरुष चार. बायका पाच, त्या मोजणीत धरत नाहीत, जेवणाच्या वेळी मात्र सगळ्यांना त्यांची आठवण होते. मंडळीचे मुकादम म्हणजे पांढुर्ण्याचे बिनयामिनभाऊ पेझारकर, गणिताचे मास्तर. सणावाराला मंडळी शुक्रवारच्या बसने माझ्याकडे येतात आणि रविवारी परत जातात. पुढच्या खोलीत प्रार्थना होते. माझ्या सासूबाई जुन्या कोकणी वळणाने त्या खोलीला मशीद म्हणत. शनिमहाराजांच्या मशिदीचा उलगडा गल्लीला आजवर झालेला नाही.

सन ८४ मध्ये पटकीची साथ आली. डॉक्टर अरविंद म्हणाले की ही लाट इंडोनेशियातून निघाली आहे आणि वीस-बावीस वर्षे जगभर हिंडते आहे. सौंसरला यायला तिला एवढा वेळ लागला, म्हणजे ती छोट्या लाइनीने आली असावी. पण हसण्यासारखे काही नव्हते. आठ दिवसांत आमच्या गल्लीतली दोन माणसे गेली. दोघेही एकटे राहणारे होते, आणि दोघांचेही दुसऱ्या दिवशी कळले.

दोष विहिरीच्या पाण्यात होता. नगरपालिकेने विहिरीत औषध टाकले, पण टाकणार अशी दवंडी एक दिवस आधी दिली. औषधाचा वास येतो म्हणून झाडून सगळ्या घरांनी आदल्या दिवशीच माठ, रांजण, गुंड काठोकाठ भरून घेतले. विहीर शुद्ध झाली आणि पटकी घराघरांत झाकण घालून राहिली. मी दारोदार फिरले. ते पाणी ओता, निदान उकळा, असे घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. समोरच्या अंबाबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही तं रिटायर झाल्या न? मंग कायले फिरून राहिल्या?" रघुनाथराव बागवाले म्हणाले, "दोन दिवस राबून भरलं हो ते पाणी. असं कसं ओतू?"

त्या शनिवारी मंडळी माझ्याकडेच होती. जेवणे झाल्यावर मी विषय काढला. पांढुर्ण्याच्या जयश्रीबाईंकडून, म्हणजे बिनयामिनभाऊंच्या शाळेतल्या सहकारी बाईंकडून, तिकडेही हेच चालल्याचे कळले होते. मग बिनयामिनभाऊ सहज म्हणाले, "आपल्यात मयत झाली की घरातलं आणि शेजारपाजारचं साठवलेलं पाणी ओततात. तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा या गल्लीनेसुद्धा ओतलं होतं."

ते खरे होते. सन ७६ मध्ये सासूबाई गेल्या तेव्हा मृत्यूचा दूत आपली तलवार पाण्यात धुतो हे गल्लीच्या कानावर गेले, आणि आमच्या आधी त्यांचे माठ पालथे झाले होते. नर्सचे कोणी ऐकत नाही, तलवारीचे सगळे ऐकतात. मी म्हटले, "मग आज संध्याकाळी मी मरते."

बिनयामिनभाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, "जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो, मान्य. पण खोटं बोलता येतं असं कुठे लिहिलंय?" गणिताचा माणूस, पायरी सोडत नाही. वाद तासभर चालला. शेवटी असे ठरले की कोणीही खोटे बोलायचे नाही. आकाशात तीन तारे दिसले की आमचा शब्बाथ संपतो. त्यानंतर आरसा झाकायचा, दिवा लावायचा, मला पांढऱ्या चादरीखाली निजवायचे आणि आपल्या घरचे पाणी दारात ओतायचे. आपले पाणी ओतणे हे खोटे बोलणे नव्हे. पुढचे गल्लीने समजून घ्यावे.

यात एक सोय अशी झाली की तारे दिसल्यावर आमच्या मते रविवार लागला होता, आणि गल्लीच्या मते दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत शनिवारच होता. आम्ही शब्बाथ मोडला नाही आणि त्यांना शनिवारची मयत मिळाली. अंबाबाई धावत आल्या. "कोण गेलं व?" बिनयामिनभाऊ आकाशाकडे बघून म्हणाले, "देवाची मर्जी." हे वाक्य केव्हाही खरेच असते. अंबाबाई तिथूनच ओरडल्या, "अवो बाप्पा, शनवारचं मढं सोबत मांगते! ओता पाणी, ओता!"

पंधरा मिनिटांत गल्लीतून ओढा वाहिला. माझ्या घरातल्या तांब्याच्या बंबात आम्ही तारे दिसल्याबरोबर पाणी उकळत ठेवले होते. मयताच्या घरून प्रत्येक शेजाऱ्याला एक घागर उकळलेले पाणी द्यायची आमच्यात रीत आहे, असे मंडळींनी सांगितले. ही रीत त्याच संध्याकाळी सुरू झाली. कोणतीही रीत कधीतरी सुरू व्हावीच लागते. आमची चार माणसे उजाडल्यापासून विहिरीवर उभी राहिली आणि घागर भरून देताना मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण प्रत्येकाकडून पाठ करून घेतले.

पण मी तोवर मेलेली राहिले नव्हते. लोक दर्शनाला येत होते आणि मी चादरीखाली पडून आवाज ओळखत होते. चाळीस वर्षे या गल्लीत सुया टोचल्या, बाळंतपणे केली, आवाज चुकणे शक्य नव्हते. एकेक येऊन गेले. शेजारची प्रमिला आली, तिचे तान्हे रडत होते, म्हणजे ठीक होते. सगळे आले आणि एक आवाज आला नाही. कोपऱ्यावरच्या झोपडीतली शकुबाई. बागांमध्ये संत्री तोडायला जाणारी, नवरा नाही, मूल नाही. परक्याच्या मयतीला सर्वांआधी येऊन बसणारी आणि सर्वांत शेवटी उठणारी बाई. ती आली नाही, याचा एकच अर्थ होता.

मी उठले. चादर अंगावरच होती. पुढच्या खोलीत पंचवीस माणसे बसली होती, ती कुठून कशी बाहेर पडली हे मला आजही समजलेले नाही, कारण दार एकच आहे.

शकुबाई जमिनीवर पडलेली होती. डोळे खोल गेलेले, हातापायांना गोळे, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी. पहाटेपासून तिला जुलाब सुरू होते आणि कोणाला हाक मारायची ताकद राहिली नव्हती. मला बघून ती म्हणाली, "मले न्याले आली काय व?"

"नाही. पाणी पाजाले आली."

आता हे लिहिलेच पाहिजे की शकुबाईने तोवर माझ्या हातचे पाणी कधी घेतलेले नव्हते. माझी जात कोणती हे तिला ठरवता येत नव्हते, आणि जोवर ठरत नाही तोवर नाही, असा तिचा नेम होता. त्या अवस्थेतही ती विचार करत होती. मग म्हणाली, "मेली न तू? मंग देऊन टाक. भुताले जात नसते."

रात्रभर मी चमच्याचमच्याने तिला मीठ-साखरेचे पाणी पाजले. सकाळी डॉक्टर अरविंद आले आणि सलाईन लावले. चौथ्या दिवशी ती उठून बसली, मला निरखून बघितले आणि ओरडली, "तू तं जित्ती हायस! फसवलं मले!" तिने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. चौथ्या दिवशी गाठोडे घेऊन आली आणि म्हणाली, आता बाटलेच आहे तर मागच्या खोलीत राहते. तेव्हापासून ती तिथे आहे. तिची चूल वेगळी, माझी वेगळी, भांडण मात्र एकत्र असते.

त्यानंतर गल्लीत पटकीने कोणी गेले नाही.

कलम ३. चादरीखाली असताना मी जे ऐकले, त्यानुसार जंगम मालमत्तेची वाटणी करते.

अंबाबाई सगळ्यांत मोठ्याने रडल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "जीभ तिखट होती, पण हात हलका होता हो!" हे मला आवडले. त्यांनी सन ७१ मध्ये माझा वरवंटा आठ दिवसांसाठी नेला आहे. आता मी त्यांना पाटाही देते, म्हणजे जोडी जुळेल आणि आम्ही दोघी मोकळ्या होऊ.

रघुनाथराव म्हणाले, "बाई सोन्यासारखी, पण तिच्या सुईनं मले तीन दिवस बसू नाही देल्लं." त्यांना माझी काचेची पिचकारी व सर्व सुया स्टीलच्या डबीसह देते. त्यांनी त्या बैठकीत, नजरेसमोर ठेवाव्यात.

गुलाबराव किराणावाले यांनी माझ्या पायाशी बसून शेजाऱ्याला विचारले की आता मशिदीत वाहायला तेल नेणारे गिऱ्हाईक गेले काय. त्यांना काही नाही.

रूबेनला प्रार्थनेची मराठी पुस्तके, हसकेलची प्रार्थनेची शाल, आमचा लग्नाचा फोटो आणि सौंसरच्या संत्र्यांची एक पेटी. संत्री खाऊन त्याने मला खरे काय ते लिहावे. मी नसले तरी लिहावे.

कलम ४. हसकेलच्या हिरव्या आणि लाल झेंड्या. साथीच्या पुढच्या आठवड्यात मंडळीने त्या झेंड्या फाडून त्यांचे तुकडे केले आणि गल्लीत एकटे राहणाऱ्या अकरा माणसांना वाटले. सकाळी आठपर्यंत दाराला हिरवा तुकडा लागला तर ठीक, लाल लागला तर मदत हवी, काहीच लागले नाही तर धावत जायचे. साथ संपली, रीत राहिली. मराठीत साथ हा शब्द मोठा गमतीचा आहे, रोग येतो तीही साथ आणि माणूस येतो तीही साथ. पहिली आली तर दुसरी द्यावी, एवढाच माझ्या मंडळीचा धर्म मला समजला आहे. बाकीचा बिनयामिनभाऊंना विचारावा.

तुकड्यांची देखरेख शाळेच्या प्रतिभाबाईंनी चालू ठेवावी. शकुबाईच्या बाबतीत सावध राहावे. ती गप्पा मारायला कोणी हवे असले की लाल लावते. मी पीठ मळता मळता धावत गेले आहे आणि ती दोन कपांत चहा ओतून बसलेली होती. मंग काय हिरवा लावल्यावर कोणी येते काय, असे तिचे म्हणणे आहे.

कलम ५. स्थावर. सौंसर येथील माझे राहते घर, ओसरी, पुढची खोली, मधली खोली, मागची खोली, अंगण व त्यातील संत्र्याचे एक झाड, यांत राहण्याचा पूर्ण हक्क शकुबाईला ती हयात असेपर्यंत देते. रूबेन, माझी मंडळी, नगरपालिका किंवा पावले मोजणारा कोणताही इसम तिला काढू शकणार नाही. पुढची खोली प्रार्थनेसाठी राहील. तांब्याचा बंब पुढच्या खोलीतून हलवू नये. गावात साथ आली तर खोली आजाऱ्यांसाठी उघडावी, मग वार शनिवार असला तरी, आणि चूल पेटवावी. बिनयामिनभाऊ याला कबूल आहेत. पोस्टातली माझी शिल्लक सरपण, मीठ आणि साखर यांसाठी आहे. शकुबाईनंतर घर मंडळी आणि गल्ली यांचे मिळून. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम बिनयामिनभाऊंनी करावे.

कलम ६. अंत्यविधी. माझ्या मरणावर आता गल्लीचा विश्वास राहिलेला नाही, तेव्हा डॉक्टर अरविंद यांनी नाडी दोनदा बघावी आणि दारात उभे राहून मोठ्याने सांगावे. मोहगाव रस्त्यावरच्या आमच्या तुकड्यात हसकेलच्या शेजारी मला पुरावे. दहा पुरुष भरणार नाहीत हे मला ठाऊक आहे. रघुनाथराव म्हणाले की आम्ही सहा जण टोप्या घालून उभे राहतो, कोणाला काय समजते. बिनयामिनभाऊंनी नाही म्हणून सांगितले. तरी त्यांनी उभे राहावे, अशी माझी इच्छा आहे. मोजू नये, पण उभे राहू द्यावे.

कलम ७. साक्षीदार. ज्याला या कागदातून काही मिळते त्याची साक्ष घेतली तर त्याचे मिळणे रद्द होते, असे श्रीधरराव सांगतात. त्यामुळे ज्याला माझे काहीच नको असा माणूस शोधायला आठ दिवस लागले. गुलाबराव तयार होते, पण तो मान मी त्यांना देत नाही. शकुबाईने अंगठा पुढे केला होता. श्रीधररावांनी शाईची डबी झटकन उचलून घेतली, नाहीतर एका अंगठ्यात तिचे घर गेले असते.

कलम ८. हे कलम आधी नव्हते. आज सर्व मजकूर शकुबाईला वाचून दाखवला. ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मृत्युपत्र केल्याने मरण लवकर येते अशी तिची समजूत आहे, म्हणून गेले आठ दिवस ती माझ्याशी नीट बोललेली नाही. पाचवे कलम दोनदा वाचायला लावले. तिला आनंद होईल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "घर कायले देऊन राहिली मले? घर तं मले तवाही होतं. त्या घरातच मरून राहिली होती मी. घरानं नाही उठवलं मले."

श्रीधरराव लिहायचे थांबले. मी घराची तजवीज केली, बंबाची केली, वरवंट्याची केली, आणि मुख्य गोष्ट राहून गेली होती. तेव्हा पुढील मजकूर वाढवते. कायद्यात बसत नाही असे श्रीधररावांचे मत आहे, तरी लिहावे.

घर मी शकुबाईला दिले आहे, आणि शकुबाईला मी गल्लीच्या नावे करते. माझ्यामागे रोज सकाळी कोणीतरी येऊन तिला नावाने हाक मारावी. आज अंबाबाई, उद्या प्रमिला, असे पाळीने चालावे. ती चिडेल, शिव्या देईल, ते ऐकून घ्यावे. चहा दिला तर बसावे. आणि एखाद्या सकाळी तिने ओ दिली नाही, तर कोणाला विचारत बसू नये, दार तोडावे. दार माझे आहे. माझी परवानगी आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.

सही: सिमखाबाई हसकेल झिराडकर

साक्षीदार:
१. डॉक्टर अरविंद, सौंसर. आम्हां दोघांसमोर सही झाली. सही करतेवेळी नाडी चालू होती.
२. प्रतिभाबाई, शिक्षिका, सौंसर. मला यातील काही नको. हाक मारायची सोमवारची पाळी मात्र माझी लिहावी.

स्थळ: सौंसर
दिनांक: १५ नोव्हेंबर १९८७, रविवार, आमच्याही मते आणि गल्लीच्याही मते